चौदाव्या मजल्यावरचा बर्फ

रोज दुपारी साडेचारला जयेंद्र आमच्या खारघरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत उभा राहायचा, घामाने पाठीला चिकटलेला टी-शर्ट एका हाताने सोडवायचा आणि फोनवर आईला सांगायचा, "आज लय बर्फ पडतोय गं आये. खिडकी बी उघडत नाय." समोरचा डोंगर उन्हात करपत असायचा. मी आत त्याच्यासाठी चहा टाकत असायची. सहा फूट आठ इंचांचा, चाळिशीला टेकलेला, परदेशात चौदा-पंधरा वर्षं बास्केटबॉल खेळून आलेला माणूस, आणि तो पंचवीस-तीस किलोमीटरवर बसलेल्या आईला थाप मारतोय. पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं. नंतर कधीच आलं नाही.

माझ्याच घरून फोन करायचं कारण अगदी साधं होतं. त्याने भाड्याने घेतलेलं घर द्रोणागिरीत, आईच्या गावापासून हाकेच्या अंतरावर. तिथून एकदा फोन केला तेव्हा रस्त्यावर एक कंटेनरचा ट्रेलर मागे येत होता. त्याचा टूं-टूं आवाज ऐकून ती म्हणाली, "तिकडं बी ट्रेलर हाईत कं?" तो घाबरला. आमचा चौदावा मजला डोंगराच्या बाजूचा. तिथे वाऱ्याखेरीज काही ऐकू येत नाही. "मॅडम, तुमची बाल्कनी एकदम फॉरेन आहे," तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून येऊ लागला. दारातून आत येताना मान वाकवायचा. आमच्या पंख्याशी त्याचं बरेच दिवस जमलं नव्हतं.

मी त्याची शाळेतली पीटी टीचर. साताऱ्याकडची, लग्न होऊन इकडे आलेली, पोहायला न येणारी आणि मासे नीट खाता न येणारी. उरणकडच्या खाडीकाठच्या त्या शाळेत सगळ्यांना या दोन गोष्टींची फार गंमत वाटायची. आठवीच्या वर्गात हजेरी घेताना एक मुलगा उभाच दिसला. मी म्हटलं, "बस खाली." तो म्हणाला, "बसलोय मॅडम." वर्ग खोखो हसला. त्याच आठवड्यात मी ट्रेलर दुरुस्त करणाऱ्या एका वेल्डरकडून लोखंडी रिंग करून घेतली आणि शाळेच्या भिंतीला लावली.

हिराबाई, म्हणजे त्याची आई, तेव्हा मिठागरावर कामाला जायची. लेक काय करतो ते बघायला ती एकदा डोक्यावरच्या पाटीसकट मैदानात आली. बराच वेळ रिंग निरखून तिने मला विचारलं, "बाय, हिला बूडच नाय. येवडा उडून टाकतो, आनि परत खालीच पडतंय. मंग ह्यात गावतंय काय?" मी शिट्टी वाजवून पोरांना पुन्हा खेळायला लावलं. इतकी वर्षं खेळ शिकवूनही त्याचं उत्तर मला सापडलेलं नाही.

जयेंद्रला वडील नव्हते. तो सहावीत असताना ते होडीवर गेले आणि आलेच नाहीत. त्या गावात पाण्यात गेलेल्या माणसाचा एक कायदा आहे. दोन उधाणं वाट बघायची, एक अवसेचं, एक पुनवेचं. समुद्राला माणूस परत द्यायचा असेल तर तेवढ्यात देतो. नाही दिला तर दर्भाचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. मग दहावा, तेरावा, सगळं रीतसर. हिराबाईने नवऱ्याचं असंच केलं होतं. तिच्या सासूनेही एका दिराचं असंच केलेलं. दोन उधाणांनंतर कोणी परत आलेलं त्या गावात कोणालाच आठवत नव्हतं.

पुढे जयेंद्र जिल्ह्यातून राज्यात, राज्यातून मुंबईच्या एका नोकरीवाल्या संघात गेला, तिथून आखातात, आणि मग युरोपाच्या पूर्वेकडच्या एका लहानशा देशात. तिथली लीगही लहानच. टीव्हीवर दिसेल असं काही नाही. एका बेकरीवरच्या खोलीत राहायचा, आठ महिन्यांचा करार, आणि दर उन्हाळ्यात पुढचा करार होतो की नाही याचा घोर. मी एकदा त्याला विचारलं, तुझं नेमकं काम काय रे तिथे? तो म्हणाला, "आडवं उभं राहायचं, मॅडम. आपला नेमबाज पळत येतो, त्याच्या मागे दुसरा पळत येतो, आणि तो मागचा येऊन माझ्यावर आपटतो. मी हलायचं नाही. बाकी पब्लिक टाळ्या त्या नेमबाजाला वाजवते." हे सांगताना त्याला जराही वाईट वाटत नसे. "इथे मी उंट होतो. तिथे मी माणूस आहे. दुकानात कुणी वळून बघत नाही. लय भारी वाटतं."

फोन मात्र तो तेव्हाही रोज करायचा. आपल्याकडचे साडेचार, म्हणजे तिकडे दुपार, सराव आणि जेवण यांच्या मधली वेळ. हिराबाई चार वाजताच फोन पदराने पुसून मांडीवर घेऊन बसायची.

त्याच्या परदेशातल्या सहाव्या हिवाळ्यात तो अपघात झाला. दुसऱ्या गावी सामना खेळून संघाची बस परत येत होती. पुलावरच्या बर्फावरून ती घसरली आणि नदीत गेली. त्याच्या एका सोबत्याने रमाकांतला फोन केला. रमाकांत हा जयेंद्रचा चुलतभाऊ, न्हावा शेवाला एका क्लिअरिंग एजंटकडे कामाला, घरातला एकमेव इंग्रजी बोलणारा. सोबती रडत होता. त्याने एवढंच सांगितलं, जयेंद्र पाण्यात गेला, सापडत नाही. नंतर त्याचा फोन लागेना. क्लबच्या नंबरवर न समजणाऱ्या भाषेत टेप वाजायची. रमाकांतने पंधरा दिवस तो नंबर फिरवला.

आणि गावाने उधाणं मोजायला सुरुवात केली.

मी गेले तेव्हा अवसेचं उधाण होऊन गेलं होतं. मी म्हटलं, अहो, ती नदी आहे, समुद्र नव्हे. परका देश आहे, बर्फ आहे, तिथे तुमचा हिशेब कसा लागेल? अजून थांबू या. पारावरचे एक म्हातारे पाटील सौम्यपणे म्हणाले, "मॅडम, तुमी देशावरच्या. पान्याचं तुमाला ठाव नाय." सगळे माझ्याकडे बघत होते. मी बायकांच्या घोळक्यात जाऊन बसले. घाटावरून आलेल्या बाईने या लोकांना पाणी शिकवायचं, याची मला लाज वाटली. ती लाज जरा बाजूला ठेवली असती तर बरं झालं असतं.

पुनवेचं उधाण आलं आणि ओसरलं. दहन सकाळी दहाला होतं. पुतळा पुऱ्या मापाचा हवा, असा हिराबाईने हट्ट धरला. जयेंद्रसाठी लांब पलंग करवून घेताना सुताराला द्यायला तिने एक सुतळी मापून ठेवली होती. ती तिने काढून दिली. दर्भ पुरेना. भाताचा पेंढा आणून पाय लांबवले. खाडीकाठी आडवा ठेवलेला तो पुतळा बघून मला चक्क वाटलं की आता हा गुडघे दुमडून घेईल, कारण जयेंद्र कुठेही आडवा झाला की जागा पुरत नसल्यामुळे तसंच करायचा. नारळावर त्याची संघाची टोपी घातली होती. पेटवल्यावर पेंढा आधी जळाला, त्यामुळे पाय लवकर गेले. दहाव्याला पिंड ठेवून माणसं मागे सरतात तोच कावळा झेपावला. गेलेल्याची इच्छा राहिली असली तर कावळा शिवत नाही. इथे तर एक क्षणही लागला नाही. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. हिराबाई म्हणाली, "सुटला माजा बाला."

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याचे जुने फोटो शोधायला संगणक उघडला. एक फोटो मेलमध्ये होता. शोधता शोधता मी जंकच्या कप्प्यात शिरले. तिथे मालिश, लॉटरी आणि टक्कल यांच्या जाहिरातींच्या मधोमध परक्या लिपीतली दोन पत्रं पडली होती. क्लबच्या कागदांवर संपर्क म्हणून जयेंद्रने माझा पत्ता दिला होता, कारण त्याच्या घरी मेल कोणाकडेच नव्हती. पत्रांचं यंत्राकडून भाषांतर करून घेतलं. तुमचा नातेवाईक पात्राच्या खालच्या अंगाला सापडला. जिवंत. बेशुद्ध. जबडा मोडला आहे. कृपया उत्तर द्यावे. पहिलं पत्र अपघातानंतर आठव्या दिवशी आलेलं होतं. दुसरं त्यानंतर आठवड्याने. दहनाला त्यानंतरही बरेच दिवस होते.

मी रोज मेल बघत होते. त्या एका कप्प्यावर फक्त बोट ठेवायचं होतं.

रिक्षा करून मी गावात गेले. हिराबाई जेवत होती. मी दारातूनच ओरडले, "जयेंद्र जिवंत आहे!" तिने घास खाली ठेवला, हात धुतला, पदराला पुसला. मला बसायला पाट दिला. म्हणाली, "कावला शिवला बाय. माज्या डोल्यांदेखत शिवला." मी पत्र दाखवलं, वाचून दाखवलं, समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं. वर्गात एखादं चुकीचं गणित सांगणाऱ्या मुलाचं आपण ऐकून घेतो, तसं.

महिन्याभराने जयेंद्रला बोलता येऊ लागलं आणि त्याने फोन केला, साडेचारलाच. जबड्यात तारा होत्या, त्यामुळे आवाज ओलसर आणि लांबून आल्यासारखा येत होता. आम्हीच तो ओळखला नाही. हिराबाईने मात्र पहिल्या शब्दाला ओळखला. "बाला!" म्हणून हंबरडा फोडला. मग डोळे पुसून विचारलं, "जेवाया देतात कं? थंडी हाय कं?" रमाकांत आनंदाने नाचायचाच बाकी राहिला होता. मीसुद्धा देवाचे आभार मानले. आम्हाला वाटलं, पटलं तिला.

फोन ठेवल्यावर ती शांतपणे मला म्हणाली, "गेलेली मानसं बोलतात बाय. माज्या सासूशी तिचा पोरगा सपनात बोलायचा. माजा फोनवर बोलतो. शिकलेला हाय ना."

तो आला तो पावसाळा संपल्यावर, काठी टेकत. शरीर निम्मं झालं होतं. मृत म्हणून ज्याचं सगळं झालं, तो परत आला तर त्याला पुन्हा जन्माला घालावं लागतं, असं गावच्या भटजींनी सांगितलं. म्हणून बारसं केलं. तीस वर्षांच्या त्या बाप्याला पाळण्यात घालणार कसा? शेवटी तो पाळण्याशेजारी जमिनीवर बसला आणि त्याचा एक पाय पाळण्यात ठेवला. बायकांनी पाळणा म्हटला, कानात नाव सांगितलं. गाव पोट धरून हसत होतं आणि रडत होतं. गावापुरता जयेंद्र परत आला. पाळणा म्हणणाऱ्यांत हिराबाईही होती. दुसऱ्याच्या घरच्या बारशाला यावं तशी आली होती, कुंकू लावून घेतलं, घुगऱ्या घेतल्या.

घरी तिने त्याला पाणी दिलं. "बसा पाव्हने." जेवायला वाढलं. दुसरं ताट हार घातलेल्या फोटोपुढे ठेवलं. तो आपल्याच फोटोसमोर बसून बोंबलाचं कालवण जेवत होता आणि ती त्याला वारा घालत सांगत होती, "माजा पोरगा बी असाच उंच होता. तुमच्यापरीस रंगाने उजल." मी भिंतीला टेकून उभी होते.

भ्रम असेल म्हणून डॉक्टरांना दाखवलं. बाकी सगळ्यात ती खणखणीत होती. भाव, नाती, तिथी, कोणी कधी काय उसनं नेलं, सगळं पाठ. डॉक्टर म्हणाले, हळूहळू ओळखेल. रमाकांतला एवढा धीर नव्हता. त्याने एक युक्ती काढली. जयेंद्रने परसात जाऊन आईला फोन करायचा आणि बोलता बोलता घरात यायचं. आवाज आणि माणूस एकत्र दिसले की तिची खात्री पटेल. मलाही ते बरोबर वाटलं.

त्याने परसातून फोन लावला. हिराबाईचा चेहरा उजळला. "बोल बाला." तो बोलत बोलत मागच्या दाराने आत आला, फोन कानाला, तिच्यापासून चार पावलांवर. "आये, मी हतंच हाय. बग ना माज्याकडं." तोच आवाज तिच्या कानातही होता आणि खोलीतही. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या ओठांकडे पाहिलं. तिच्या तोंडावरचं रक्त उतरत गेलेलं मला दिसलं. फोन दोन्ही हातांनी झाकून ती अगदी हळू आवाजात फोनमध्ये म्हणाली, "थांब बाला. हतं कोनीतरी तुजा आवाज काडतंय."

जयेंद्रने फोन बंद केला. तिने देवघरातली विभूती आणून चारी कोपऱ्यांत टाकली. त्या संध्याकाळी ती तापाने फणफणली. नंतर हा प्रकार आम्ही पुन्हा केला नाही.

महिन्याभरात तो परत तिकडे गेला. पायात सळई, जबडा वाकडा, डॉक्टरांनी खेळू नको म्हटलेलं. मी रागावले. "कशासाठी जातोस?" तो म्हणाला, "इथे मी पाव्हना आहे, मॅडम. तिथे गेलो की रोज साडेचारला मी तिचा मुलगा असतो."

ही त्याची दुसरी कारकीर्द. बाहेरच्यांना वाटायचं खेळाचं वेड. एका देशातून दुसऱ्यात, दुसऱ्या डिव्हिजनमधून तिसरीत, शेवटी तर शनिवारी-रविवारी खेळणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांच्या संघात. पळणं संपलं होतं. पण एक विचित्र गोष्ट झाली होती. त्याचा फ्री थ्रो चुकेना. आधी तो यात अगदी सुमार होता, शाळेत मी त्याला त्यावरून कितीदा झापलंय. आता रेषेवर उभा राहायचा, चेंडू सोडायचा, आणि तो जाळीलाही आवाज न करता जायचा. प्रेक्षक आधी ओरडायचे, मग गप्प होऊ लागले. बसमध्ये त्याच्या शेजारी सोबती बसेनात. मी फोनवर विचारलं, सराव वाढवलास का? म्हणाला, "नाही. आता टाकताना तो जावा असं वाटतच नाही. कावळा लगेच शिवला होता ना? मग माझी इच्छा कुठून राहणार?" मी म्हटलं, मूर्खासारखं बोलू नकोस. तो हसला. मग म्हणाला, "शुद्धीवर आलो तेव्हा अंग भाजत होतं. पायांपासून. नर्सने पांघरूण काढून बघितलं, काही नव्हतं." मी तारीख आणि वेळ विचारली. तारीख दहनाचीच होती. दोन्हीकडच्या वेळा मी कागदावर मांडून बघितल्या आणि तो कागद फाडून टाकला.

गुडघ्यांनी पुरता दगा दिला तेव्हा तो कायमचा परतला. आईला सांगितलं नाही. सकाळी तो पाव्हना म्हणून गावात जायचा. पाण्याची टाकी बघायचा, औषधं आणायचा, तिचे पाय चेपायचा. परका असून हा माणूस आपल्यासाठी का झिजतो, असं तिने कधी विचारलं नाही. दुपारी माझ्याकडे येऊन तो तिचा मुलगा व्हायचा. ती त्याला फोनवर त्याच्याबद्दलच सांगायची, "येक पाव्हना येतो. मानूस गुनाचा हाय. तू राग नको धरूस." तो म्हणायचा, "नाय धरत."

बर्फ पडतोय हे त्याला सांगावंच लागायचं, कारण ती रोज विचारायची. एप्रिलच्या एका दुपारी असंच बोलून झाल्यावर मी त्याला चहा दिला. कप घेताना त्याची बोटं माझ्या हाताला लागली. फ्रीजमधून काढल्यासारखी गार. त्याच्या दंडावर काटा आला होता. "वारा आहे," तो म्हणाला. पान हलत नव्हतं.

मग एक दिवस तिने विचारलं, "तुजा बाप भेटला कं रं?" तो अडखळला. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही म्हण. पण तो म्हणाला, "भेटला." "काय बोलला?" त्याची नजर समोरच्या डोंगराकडे गेली. मग म्हणाला, "मधल्या खांबाच्या मागं हात घाल म्हनतो." दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला तेव्हा ती ओट्यावर बसून पितळी अडकित्ता चिंचेने घासत होती. "मालकांचा. कवाचा हरवलेला. पोराने सांगितलं कुटं हाय ते." दुपारी तो माझ्याकडे आला तो पांढराफटक. मी विचारलं, "तुला ठाऊक होतं?" "आईशप्पत नाही, मॅडम. तोंडात आलं." मी म्हटलं, लहानपणी कधी पाहिलं असशील. तो हो म्हणाला, मला बरं वाटावं म्हणून.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर हिराबाईने अंथरूण धरलं. दवाखान्यात राहायला तयार नव्हती, घरी आणली. जयेंद्रच तिला उचलून बसवायचा, भरवायचा. मलाही तो गाडी पाठवून बोलावून घ्यायचा. खरं सांगते, मी एकाच आशेने जात होते. शेवटी शेवटी तरी तिने त्याच्याकडे बघून नावाने हाक मारावी. मारली असती तर त्या जंकमधल्या पत्रांचं ओझं माझ्याही मानेवरून थोडं उतरलं असतं. त्याची आशा माझ्याहून मोठी होती. तो ती बोलून दाखवत नसे, पण तिने डोळे उघडले की तो हातातलं काम टाकून तिच्या समोर येऊन उभा राहायचा.

त्या दिवशी दुपारी तिने डोळे उघडले, आणि ते इतके स्वच्छ होते की मी खुर्चीवरून उठलेच. तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत. जबड्याच्या वाकड्या जागेवर तिची नजर थांबली. तो श्वास रोखून उभा होता.

"पाव्हने," ती म्हणाली, "किती वाजलं?"

"चार वाजून गेले."

"माज्या पोराचा फोन येल. बाय, तू कानाला धर. मना हात उचलत नाय."

तो बाहेर गेला. मला खिडकीतून दिसत होता. खारघरला जायला वेळ नव्हता, तो तिथेच भिंतीला पाठ लावून उभा राहिला. रस्त्यावरून ट्रेलर जात होते, पण आता तिला तेवढं ऐकू येत नव्हतं. फोन वाजला. मी तिच्या कानाला धरला.

"बाला, मी येते आता."

पलीकडून काही आलं नाही. खिडकीतून मला त्याचा चेहरा दिसत होता. त्याने सांगितलं असतं, आये, मी मेलो नाय, तुज्या दारात उभा हाय, तर? ती शेवटचं भिऊन गेली असती, किंवा शेवटचं ओळखून. त्यातलं काय झालं असतं ते त्यालाही माहीत नव्हतं, मलाही नाही. त्याने तोंड उघडलं, मिटलं.

"आयकतोस कं?" तिने विचारलं. "तिकडं कोन नसंल तर मना भ्या वाटतं."

"हाय ना आये," तो म्हणाला. "मी उभा हाय. तू ये."

"तुजा बाप?"

"तो बी हाय."

तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. इतकी मऊ ती मला कधीच दिसली नव्हती. मी फोन काढून घेतला. माझा हात ओला झाला होता, घामाने की डोळ्यांतल्या पाण्याने, कोण जाणे.

तो दारातून वाकून आत आला आणि तिच्या पायांशी बसला. खोलीत बर्फाच्या लादीशेजारी बसल्यासारखा गारवा आला होता. मी पंखा बंद करायला उठले, तर पंखा बंदच होता. हिराबाईने डोळे मिटलेले होते. पायांशी कोणीतरी बसलंय हे तिला जाणवलं असावं. तिने पाय जरासा हलवून त्याच्या हाताला लावला.

"पाव्हने, तुमी लय केलंत. आता घरी जा. तुमची आई वाट बगत आसल."

"हो," जयेंद्र म्हणाला. "निघतो."

आणि दिवेलागणीला तिचा श्वास थांबेपर्यंत तो तिथून हलला नाही.